‘पण’च्या पुढचं वाक्य

“चहा घेणार?” उपाध्ये वकिलांनी विचारलं.

“हरकत नाही,” भाऊ म्हणाले.

“मेलात!” उपाध्यांनी कापडाच्या ताग्यावर हात आपटला. “भाऊ, मेलात तुम्ही. पहिल्याच चेंडूवर आउट.”

“अहो, पण तुम्ही चहाचं विचारलंत ना?”

“चहा असू दे, पाणी असू दे, पंख्याखाली बसा म्हणू देत. उद्या त्या सभागृहात हे दोन शब्द जोडीनं तुमच्या तोंडातून बाहेर पडायचे नाहीत. ‘हरकत’ म्हणालात की पुढं ‘आहे’. म्हणा बघू. हरकत आहे.”

“हरकत...” भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, “...आहे.”

“त्याच्याकडं काय बघताय? परवानगी काढताय का त्याची?”

तेवढ्यात दुकानात एक बाई आल्या. सोबत जाऊ, नणंद आणि नणंदेची मैत्रीण. तालीम थांबली. गादीवर साड्यांच्या घड्या मोडायला सुरुवात झाली. हिरवी नको, मोरपंखी दाखवा. मोरपंखी आहे, पण काठ मोठा हवा होता. काठ बरोबर आहे, पण पदर फिका वाटतो. कपाट रिकामं होऊन गादीवर ढीग झाला. मग बाई उठल्या आणि म्हणाल्या, “उद्या ह्यांना घेऊन येते.”

“काही हरकत नाही,” भाऊ हसून म्हणाले, “दुकान तुमचंच आहे.”

उपाध्यांनी डोकं धरलं.

भाऊ म्हणजे माझे वडील, मोरेश्वर रासने. करंजपेठेत त्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणत असे. ‘रासने वस्त्रभांडार’च्या गादीवर त्यांचा जन्म गेला होता आणि त्या गादीवर त्यांच्या तोंडातून सर्वांत जास्त वेळा निघालेलं वाक्य हेच. गिऱ्हाईक साड्या उलगडून न घेता गेलं, हरकत नाही. महिन्यानं धुतलेली साडी बदलायला आणली, हरकत नाही. समोरच्याला अवघडल्यासारखं वाटू नये, एवढाच त्यांचा धंद्याचा नियम होता. तो त्यांनी घरीही पाळला. माझ्या आईला चाळीस वर्षं त्यांच्याशी एकदा तरी भांडायचं होतं, ते राहूनच गेलं, असं ती स्वतः सांगायची.

आणि अशा माणसाला दुसऱ्या दिवशी हरकत घ्यायची होती.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. आमच्या गावाजवळून कुंदा नदी वळण घेते. त्या वळणावर एक डोह आहे. डोहाच्या उतारावर करंज आणि वाळुंजाची दाट झाडी, आणि झाडीतून पाण्यापर्यंत उतरणारी एक पायवाट. गावाच्या विकास आराखड्यात नदीपासून तीस मीटरचा पट्टा हिरवा रंगवलेला होता. तिथं बांधकाम करायचं नाही, काठावरचा झाडोरा तोडायचा नाही आणि लोकांना नदीपर्यंत जायला अडवायचं नाही, असा नियम. माजी नगराध्यक्ष उत्तमराव गव्हाणे यांनी त्या पट्ट्याला लागून जमीन घेतली आणि आराखड्यात फेरबदल मागितला. त्यांना तिथं ‘रिव्हर व्ह्यू मंगल कार्यालय व लॉन्स’ काढायचं होतं. नदी लग्नाच्या फोटोत यावी म्हणून झाडी नको होती, आणि वऱ्हाडाशिवाय कुणी फोटोत येऊ नये म्हणून भिंत हवी होती.

भाऊंचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओत गेलेला. जमिनीवर ते काठी घेऊन चालत, दर पावलाला खांदा खाली जाई. त्यांना दम्याचाही त्रास होता. डॉक्टरांनी पोहणं सोडू नका म्हणून बजावलं होतं, आणि पोहण्याचा तलाव जिल्ह्याच्या गावी. भाऊ रोज पहाटे त्या पायवाटेनं डोहावर जायचे. भिंत झाली असती तर पाण्यापर्यंत पोचायला काटेरी माळावरून लांबचा वळसा, आणि तो त्यांच्या पायाला जमणारा नव्हता. थोडक्यात, भिंत झाली की त्यांचं पोहणं संपलं.

डोहावर पहाटे पोहणारे दहा-बारा जण होते. पण एकाचा गाळा गव्हाण्यांच्या इमारतीत, एकाची मुलगी त्यांच्या शाळेत शिक्षिका, एकाचा जावई त्यांच्या पतसंस्थेत. उपाध्ये तर कोर्टात गव्हाण्यांचेच वकील. “कोर्टात मी त्याचा, पाण्यात तुमचा,” असं ते म्हणत. शेवटी सर्वांनी मिळून एकच हरकत दाखल करायची ठरवली, ती भाऊंच्या नावानं. गावात त्यांच्यावर राग धरू शकेल असा माणूस नाही, हे कारण. कारण खरं होतं. तो राग का नाही, याचा विचार कुणी केला नव्हता.

मी तेव्हा जिल्ह्याच्या दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. संपादकांनी फोनवर सांगितलं, “वडील हरकतदार आहेत ना तुझे? मग तू सुनावणीत तोंड उघडायचं नाहीस. बसायचं, लिहायचं. आणि सहाच्या आत बातमी.”

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. नगररचना विभागाच्या खटावकर मॅडम जिल्ह्याहून आल्या होत्या. चाळिशीच्या, सुती साडीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या शेजारी कॉम्प्युटरवर भिसे नावाचे टंकलेखक. भिशांचा हात वेगवान होता आणि स्वभाव असा, की जे कानावर पडेल ते टाइप करायचं. मॅडम शिंकल्या तेव्हाही त्यांची बोटं क्षणभर हलली.

आधी गव्हाणे उठले. पांढरे शुभ्र कपडे, कपाळाला गंध.

“मॅडम, मुळात आमचं हे बांधकामच नाही. लॉन आहे. हिरव्या पट्ट्यात हिरवळ करतोय. आता याहून हिरवं काय करायचं माणसानं?”

“हिरवळ कोणत्या प्रकारची?”

“उत्तम. पाणी लागत नाही, कापावी लागत नाही, उन्हाळ्यात पिवळी पडत नाही.”

“प्लास्टिकची?”

“इंपोर्टेड.”

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. “आणि भिंत कशासाठी?”

“लग्नात लहान पोरं असतात हो. नदीत पडली तर? सुरक्षा नको?”

“मग लोकांनी नदीवर जायचं कसं?”

“कोण जातंय मॅडम? घरोघर नळ आलेत. तिथं कुत्रं फिरकत नाही. आणि आम्ही काय अडवणार आहोत होय? गेटवर पत्रिका दाखवली की कुणीही आत.”

“पत्रिका?”

“लग्नाची.”

मॅडमनी भाऊंकडे पाहिलं. “हरकतदार रासने आपणच ना? उन्हातून आलात. बसूनच बोला.”

मी श्वास रोखला. भाऊंचे ओठ हलले. ‘ह’ आलाच होता, तो त्यांनी गिळला आणि नुसती मान हलवली. मागच्या बाकावरून उपाध्यांनी मला अंगठा वर करून शाबासकी दिली.

“तुमचं म्हणणं सांगा.”

भाऊंनी घसा साफ केला. पण त्यांच्याआधी गव्हाणेच पुढं वळले, आणि आवाजात अशी काही माया आणून बोलू लागले की मला लिहायचं सुचेना.

“भाऊ, मी तुम्हाला मोठ्या भावासारखं मानतो. आपल्या घरातल्या तीन लग्नांचा बस्ता तुमच्या दुकानातनं गेलाय. खरं का खोटं?”

“खरं आहे.”

“आता लॉन्स झाल्यावर सीझनला रोज एक लग्न. बस्ता कुठं बांधतील लोक? शहरात जातील? मी जाऊ देईन? कार्यालय बुक करायला आला माणूस, की त्याला सांगणार, पहिलं रासन्यांकडं जा. पोरगं तुमचं पेपरात आहे, धंद्यात नाही. म्हातारपणी भाऊ चार पैसे गाठीला नकोत? मला दोनच शब्दांत सांगा, तुमची हरकत काय आहे?”

बस्ता म्हणजे वधू-वर आणि दोन्हीकडच्या मानपानाची सगळी कापडखरेदी. एक बस्ता मिळाला की आमच्यासारख्या दुकानाचा महिना निघे. गव्हाणे उगाच बोलत नव्हते. आणि ते हसत होते, हात जोडून उभे होते, अगदी गिऱ्हाईकासारखे. भाऊंसमोर गिऱ्हाईक उभं राहिलं, तिथंच तालीम संपली.

“तशी हरकत काही नाही,” भाऊ म्हणाले, “पण—”

पंखा थांबला. दिवे गेले. लोडशेडिंगची वेळ बदलली होती, ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. अंधाऱ्या सभागृहात कॉम्प्युटरचा यूपीएस तेवढा कुईं कुईं करत राहिला.

“सेव्ह केलं, मॅडम,” भिसे अभिमानानं म्हणाले आणि पडदाही काळा झाला.

“कुठपर्यंत झालं होतं?” मॅडमनी विचारलं.

“‘तशी हरकत काही नाही’ इथपर्यंत.”

“त्यांनी ‘पण’ म्हटलं होतं.”

“तो यायच्या आधी की गेली मॅडम... वीज.”

गव्हाण्यांचा चेहरा अंधारातही उजळलेला दिसला. “वाक्य पूर्ण झालंय, मॅडम. ‘नाही’वर वाक्य पूर्ण होतं. शाळेत शिकवतात.”

“‘पण’ मी माझ्या कानांनी ऐकलंय, गव्हाणे.”

“पण ‘पण’च्या पुढं काही आहे का? नुसत्या ‘पण’ला काय अर्थ?”

यावर मॅडमनी पर्स उचलली. “वीज येईपर्यंत जागा पाहून घेऊ. भिसे, कागद आणि पेन घ्या. रासने, तुमचं पुढचं वाक्य तिथं ऐकते. तेवढं सांभाळून आणा.”

नदीकडं जाताना भाऊ माझ्या स्कूटरवर मागं बसले होते. काठी आडवी धरली होती, ती रस्त्यातल्या लोकांना लागू नये म्हणून मी जपून चालवत होतो.

“चुकलंच जरा,” ते मागून म्हणाले.

“जरा? भाऊ, अख्खा डोह देऊन टाकलात.”

“समोर हात जोडून उभा आहे माणूस. तोंडावर कसं म्हणायचं?”

“बरं, ‘पण’च्या पुढं काय म्हणणार होतात?”

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, “तेच शोधत होतो, तर लाइट गेली.”

जागेवर गव्हाण्यांनी जय्यत तयारी ठेवली होती. उताराच्या एका बाजूची झुडपं साफ झाली होती आणि वरपासून पाण्यापर्यंत प्लास्टिकच्या हिरवळीचा लांबच लांब पट्टा अंथरला होता, नमुना म्हणून. उन्हात तो असा चमकत होता की खरं गवत शेजारी आजारी वाटत होतं. पट्ट्यावरून पाणी ओघळत होतं.

“पाणी लागत नाही म्हणालात ना?” मॅडमनी विचारलं.

“हे धुळीसाठी. आपण येणार म्हणून सकाळी टँकरनं धुतलं.”

मॅडम काठावर उभ्या राहून पट्टा न्याहाळत होत्या. हिरवळीत मधेमधे उंचवटे होते, घोंगडीखाली कुणी भांडी झाकून ठेवावीत तसे.

“ही टेंगळं कसली?”

“जमीनच तशी आहे इथली. उंचसखल.”

मॅडमनी वाकून पट्ट्याची कड उचलली. खाली ताजा कापलेला बुंधा होता. त्याच्यापुढं आणखी एक. कापलेल्या जागी लाकूड अजून ओलं होतं.

“हा झाडोरा कधी तोडला?”

“झाडोरा नव्हता हो मॅडम. नुसती झाडं होती.”

भिशांनी ते लिहून घेतलं.

उरलेल्या बाजूला जुनी पायवाट तशीच होती. भाऊ तिच्या तोंडाशी गेले. पहिल्या करंजाच्या तुटक्या फांदीला त्यांनी काठी अडकवली. न बघता, घरात खुंटीला सदरा अडकवावा तशी. आणि काठीशिवाय उतरायला लागले. डावा हात करंजाच्या खोडावर, उजवा पुढच्या वाळुंजावर, मग पाय मुळावर, मग हात पुढच्या खोडावर. एकदाही खाली न पाहता. खांदा हलतसुद्धा नव्हता. मी बातम्यांमुळं उशिरा झोपणारा माणूस. त्यांना डोहावर जाताना मी शाळेत असल्यापासून पाहिलंच नव्हतं.

मॅडम पुढं झाल्या आणि करंजाला हात लावून पाहिला. कमरेच्या थोडं वर, वळणाच्या आतल्या बाजूनं, खोडाची साल गेलेली होती. लाकूड काळं, गुळगुळीत, तेल लावल्यासारखं. दुसऱ्या झाडावर तसंच. तिसऱ्यावर तसंच.

“इथं कुणी येत नाही ना? मग हे कुणी घासलं?”

“म्हशी असतील,” गव्हाणे म्हणाले. “अंग घासतात म्हशी.”

“सगळ्या एकाच उंचीच्या?”

“आमच्या भागात साधारण एकाच उंचीच्या असतात.”

“ताई, यायचंय का खाली?” भाऊंनी मधूनच हाक दिली. आवाज वेगळा होता, गादीवरचा नव्हता. “या, सोपं आहे. डावा हात करंजाला. हं. आता पाय त्या मुळावर, निसरडं दिसतं पण नाही. आता हात सोडायच्या आधी पुढचं झाड धरा. घाई नको. झालं.”

मॅडम साडी सांभाळत शेवटच्या दगडापर्यंत आल्या. मी त्यांच्या मागं. भिसे अर्ध्या वाटेवर एका वाळुंजाला पाठ लावून थांबले, कारण दोन्ही हातांत कागद आणि पेन होतं.

“गव्हाणे, तुम्ही पण या,” मॅडमनी सांगितलं.

गव्हाण्यांना आमच्या वाटेनं यायचं नव्हतं. आपल्या लॉनवरून यायचं होतं. ते कसं सोयीचं आहे, हेही दाखवायचं असावं. त्यांनी मोठ्या ऐटीत पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला त्यांचे दोन्ही पाय पुढं गेले आणि ते खाली बसले. नुसते बसले असते तर भागलं असतं. पण पट्टा वरच्या बाजूला खिळ्यांनी ठोकलेला नव्हता, दगड ठेवले होते. दगड सुटले. मग लॉन निघालं आणि त्याच्यावर मांडी घालून बसलेले माजी नगराध्यक्षही निघाले. बुंध्यांवरून जाताना ते प्रत्येक वेळी थोडे वर उडत होते आणि दर वेळी “अहो! अहो!” म्हणत होते, कुणाला ते कळलं नाही. शेवटी एवढा मोठा आवाज करून पाण्यात गेले की पलीकडच्या काठावरचे बगळे उठले.

डोह काठालाच खोल आहे. मला पोहता येतं, पण मी चपला काढेपर्यंत भाऊ पाण्यात होते.

ते उडी मारून नव्हे, घसरून गेले, अंगावरच्या पायजमा-सदऱ्यानिशी, आणि पाण्यात पडल्याबरोबर त्यांचा पाय नाहीसा झाला. म्हणजे लंगडा पाय. त्याच्या जागी नुसता एक माणूस उरला, जो सरळ, न धडपडता, चार हातांत गव्हाण्यांच्या मागं पोचला आणि त्यांची कॉलर धरून तरंगत राहिला.

“बुडतोय! भाऊ, बुडतोय!”

“नाही बुडत. मी धरलंय. हात मारायचे तेवढे थांबा, माझ्या तोंडात पाणी जातंय.”

“सोडू नका!”

“नाही सोडत. मागं टेका. गादीवर टेकतो तसं. हं.”

हिरवा पट्टा त्यांच्या शेजारून प्रवाहाला लागला आणि शांतपणे वळणापलीकडं गेला. भाऊ गव्हाण्यांना ओढत काठाकडं आणू लागले. मध्येच ते थांबले. कॉलरचं कापड त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळलं.

“उत्तमराव, हे खादी म्हणून घेतलंत का?”

“हो... शुद्ध... शुद्ध खादी...”

“पॉलिस्टर मिसळलंय यात. निम्मं तरी. फसवलं तुम्हाला.”

करंजाचं एक जाड मूळ पाण्यावर आलेलं आहे. भाऊंनी गव्हाण्यांना त्याच्यावर बसवलं. गव्हाण्यांनी ते मूळ दोन्ही हातांनी कवटाळलं आणि डोळे मिटले.

“लागलं का कुठं?” मॅडमनी विचारलं.

“नाही,” गव्हाणे डोळे न उघडता म्हणाले.

“मग ठीक. रासने, तुम्ही या वर. निवांत बसून सांगा काय ते.”

“इथूनच सांगतो, ताई,” भाऊ पाण्यातून म्हणाले. “इथं बरं सुचतं.”

“भिसे, घ्या लिहून.”

भिशांनी गुडघ्यावर कागद धरला.

गव्हाण्यांनी एक डोळा उघडला. त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं, पण माणूस चिवट. “भाऊ,” ते खोकत म्हणाले, “तुमचे उपकार झाले. आता मी तोंडीच बोलत नाही. बस्त्याचं स्टँपपेपरवर देतो. प्रत्येक लग्नाचा बस्ता. तुम्ही फक्त ‘पण’च्या पुढं काही बोलू नका.”

भाऊ उत्तर द्यायच्या आधी थोडे मागं सरकले. पाण्यात उताणे झाले, वर पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक भाव आला, जो मी लहानपणापासून ओळखत होतो. गिऱ्हाईकासमोर तो कधी येत नसे. तो यायचा मालेगाव-इचलकरंजीचे ठोक व्यापारी दुकानात येऊन माल दाखवायचे तेव्हा. ते ताग्यांवर तागे उलगडायचे, चहा प्यायचे, गोड बोलायचे, भाव सांगायचे. भाऊ ऐकून घ्यायचे, कापडावरून एकदा हात फिरवायचे आणि दोन शब्द बोलायचे. त्यानंतर व्यापारी कधीही वाद घालत नसे. मुकाट्यानं तागे गुंडाळायचा.

“नाही परवडत,” भाऊ म्हणाले.

भिसे थांबले. “मॅडम, परवडत नाही हे हरकतीत धरायचं का?”

“काय परवडत नाही, रासने? नोंदीसाठी स्पष्ट सांगा.”

“ही भिंत, ताई. उत्तमराव म्हणतात ते खरं आहे. बस्ते येतील, धंदा होईल. पण मला दिवसभर दुकानात बसूनच राहावं लागतं. घरी गेलो की बसून. लग्नाला गेलो की मला आधी खुर्ची देतात, बसा भाऊ म्हणून. इथं तेवढं कुणी बसा म्हणत नाही. भिंत झाली, ही झाडं गेली, की मी वरच राहीन. आणखी किती बसू? हा सौदा नाही परवडत मला.”

भिशांच्या पेनाचा आवाज येत होता.

“धरा हरकतीत,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम,” मुळावरून गव्हाणे म्हणाले, “मी पाण्यात असताना घेतलेली नोंद कायद्यात बसेल का?”

“बसेल. भिसे, स्थळपाहणीला गव्हाणे पूर्ण वेळ हजर होते, असंही लिहा.”

त्या फेरबदलाला मंजुरी मिळाली नाही. पट्टा हिरवाच राहिला आणि तोडलेल्या झाडांच्या जागी तेवढीच झाडं लावायचा आदेश निघाला. पुढं वर्षभरात गव्हाण्यांनी कार्यालय हमरस्त्याला काढलं. नाव मात्र ‘रिव्हर व्ह्यू’च ठेवलं, कारण पाटी आधीच रंगवून झाली होती.

पण हे नंतरचं. त्या दिवशी मी ओल्या पायांनी पेपरच्या तालुक्यातल्या कचेरीत जाऊन सहाच्या आत बातमी पाठवली. भाऊ जे बोलले तेच जसंच्या तसं लिहिलं. तसं लिहिणं माझं कामच होतं, आणि त्याहून बरं मला काही लिहिता आलंही नसतं.

सकाळी मी उठलो तेव्हा भाऊ डोहावरून येऊन झोपाळ्यावर पेपर घेऊन बसले होते. केस ओले होते. कपाळावर आठी होती, आणि त्यांच्या कपाळावर आठी ही गोष्ट मी फारच क्वचित पाहिली होती.

“हे तू लिहिलंस?”

मी बातमी पाहिली. जिल्ह्याला पेपरच्या कचेरीत कुणीतरी ‘नाही परवडत’ खोडून टाकलं होतं. छापून आलं होतं, ‘मोरेश्वर रासने यांनी या फेरबदलास तीव्र हरकत नोंदवली.’

“मी नाही भाऊ. तिकडं बदललं असणार.”

“तीव्र?” त्यांनी चष्मा काढला. “मी तीव्र कधी बोललो? उत्तमरावांनी वाचलं असेल की हे. काय वाटलं असेल त्यांना?”

“वाटू दे. झाडं तोडताना त्यांना काही वाटलं होतं?”

“ते वेगळं. माणूस भिजला, चारचौघांत पडला, वर आता हे तीव्र.” त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दुकान उघडलं की एक काम कर. वरच्या फळीवर अस्सल खादी आहे, पांढरी. त्यांच्या मापाची काढ. सदरा आणि पायजम्याची. नीट बांधून त्यांच्या घरी नेऊन दे. म्हणावं, भाऊंनी पाठवलीय.”

“भेट म्हणून?”

“छे. बिल लाव.”

“सवलत किती धरू?”

“कशाला सवलत?” भाऊंनी पेपरची घडी घातली. “पुऱ्या भावानं लाव. त्यांना परवडतं.”